बेक रो गावातली वैमानिकाची कबर: दगडावर एक हुद्दा, पदकाच्या मजकुरात दुसरा

मिल्डनहॉलकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात, सफोकमध्ये मिल्डनहॉलजवळ राहतो. शेजारच्या बेक रो गावात सेंट जॉन चर्चच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई दलाच्या पोरांच्या कबरी आहेत. त्यातली एक व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची (शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक): आर. एच. मिडलटन, रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्स, मृत्यू २९ नोव्हेंबर १९४२. हुद्दा पायलट ऑफिसर. मुलाला शाळेसाठी "आपल्या परिसरातला एक माणूस" असा प्रकल्प करायचाय आणि त्याने हाच निवडला.

आता पंचाईत अशी. पदक जाहीर करताना जे निवेदन छापलं त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत "फ्लाइट सार्जंट मिडलटन" आहे. त्याच निवेदनात मृतदेह सापडलेला नाही असंही म्हटलंय. मग कबरीत कोण आहे? आणि मुलाचा खरा प्रश्न वेगळाच: इटलीतल्या तुरिनवर बॉम्ब टाकून विमान परतत होतं, इंग्लंडचा किनारा आला होता, पाच जणांनी उड्या मारल्या, ते वाचले. मग यानेच का नाही मारली?

कोणाला यातलं कळत असेल तर नीट सांगा. छाती फुगवणारे फॉरवर्ड नकोत, ते भरपूर वाचून झाले.

---

दप्तरदार

कबरीत तोच आहे, काळजी नसावी. पदकाची घोषणा जानेवारी १९४३ मध्ये झाली, तेव्हा मृतदेह खरंच मिळाला नव्हता. १ फेब्रुवारीला डोव्हरच्या शेक्सपिअर बीचवर समुद्राने तो बाहेर आणून टाकला. म्हणजे दोन महिने पाण्यात. मग लष्करी इतमामात बेक रोला दफन. तिथेच का, तर तो ज्या १४९ स्क्वाड्रनमध्ये होता तिचा तळ तेव्हा लेकनहीथला होता, तुमच्या अगदी जवळ.

हुद्द्याचं म्हणाल तर त्याचं कमिशन, म्हणजे सार्जंटवरून अधिकारी म्हणून नेमणूक, १५ नोव्हेंबर १९४२ पासून लागू धरलं गेलं. कागद हलून पोचेपर्यंत माणूस गेलेला. त्यामुळे कागदोपत्री तो ऑफिसर म्हणून मेला, पण त्या रात्री विमानात चढला तो सार्जंट म्हणूनच. मागील तारखेपासून लागू होणारे आदेश आपल्याला काही नवे नाहीत. दोन्ही हुद्दे बरोबर आहेत, प्रकल्पात दोन्ही लिहा.

---

डबोवाला

अरे वा, हा आमच्या गावचा! मी न्यू साउथ वेल्समध्ये डबोला असतो. रॉडन मिडलटन इथल्याच डबो हायस्कुलात शिकला. जन्म सिडनीतला, वेव्हर्लीचा, २२ जुलै १९१६, पण वाढला सगळा आतल्या भागात. हॅमिल्टन ह्यूम नावाचा जो जुना शोधप्रवासी इथे शाळेच्या पुस्तकात असतो, त्याच्या भावकीतला. ह्यूम हे मधलं नाव तिथूनच आलं.

शाळा संपल्यावर हा जॅकरू झाला. म्हणजे मेंढ्या-गुरांच्या मोठ्या रानावर राहून काम शिकणारा पोरगा. घोड्यावर बसून दिवसभर कुंपणं बघत फिरायचं, मेंढ्या एका रानातून दुसऱ्या रानात हाकायच्या, लोकर कातरायच्या हंगामात कंबर मोडेपर्यंत राबायचं. वडील यॅराबंडाईजवळ अशाच एका रानाचे व्यवस्थापक होते. खेळात चांगला, बोलण्यात कमी, अशी त्याची ख्याती.

ऑक्टोबर १९४० मध्ये भरती. विमान पहिल्यांदा चालवायला शिकला ते नॅरोमाइनला, माझ्या घरापासून चाळीस किलोमीटर. तिथली जमीन इतकी सपाट आहे की विमानाची शाळा तिथे का काढली हे विचारावं लागत नाही. पुढचं शिक्षण कॅनडात, साम्राज्यातल्या सगळ्या देशांची पोरं घडवायची जी योजना होती तिच्यात, आणि १९४१ च्या सप्टेंबरात ब्रिटन. गेला तेव्हा वय २६. दुसऱ्या महायुद्धात रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्सच्या माणसाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस याचाच. पदक आता कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये आहे.

---

मधली खुर्ची

मिल्डनहॉलकरीण ताई, तुमच्या मुलाच्या तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. मी आपल्या हवाई दलात एएन-१२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनियर होतो. चंडीगड-लेह, चंडीगड-लेह करत नोकरी गेली. दोन वैमानिकांच्या मध्ये बसून इंजिनांचे आणि इंधनाचे काटे बघायचे, हे माझं काम. म्हणून ही रात्र मी मिडलटनच्या जागेवरून वाचतच नाही. मधल्या जागेवरून वाचतो, आणि तिथून ती वेगळी दिसते.

आधी विमान. शॉर्ट स्टर्लिंग, चार हर्क्युलिस इंजिनं. जमिनीवर उभं असताना कॉकपिट जवळजवळ सात मीटर उंच, पण पंख शंभर फुटांच्या आत बसवलेले. एवढ्या वजनाला ते पंख तोकडे. परिणाम एकच: वर जायचं नाव नाही. लँकॅस्टर या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरवाले निवांत वरून जायचे आणि स्टर्लिंगवाले खाली तोफांच्या तोंडाशी. त्यात त्या रात्रीचं लक्ष्य तुरिनमधला फियाटचा कारखाना, म्हणजे इंग्लंडातून निघून फ्रान्स ओलांडून आल्प्सच्या पलीकडे. पेट्रोल ठासून भरलेलं, वर बॉम्ब.

निवेदनात एक वाक्य आहे, लोक भराभर वाचून पुढे जातात: आल्प्स ओलांडायला १२,००० फुटांवर चढताना फार त्रास झाला आणि त्यात पेट्रोल जास्त खर्च झालं. माझ्यासाठी सगळी रात्र या वाक्यात आहे. माँ ब्लाँ १५,७०० फुटांच्या वर. म्हणजे १२,००० वर तुम्ही डोंगरावरून जात नाही, डोंगरांच्या मधून जाता, आणि काळोख असा की शिखरं दिसत नव्हती. लेहला जाताना दोन्ही खिडक्यांतून डोंगर बघत मी अनेकदा गेलोय, पण आमच्याकडे लख्ख सकाळ असायची. चढताना इंजिनांना मिश्रण दाट द्यावं लागतं, पॉवर वर ठेवावी लागते, आणि काटा डोळ्यांदेखत पडतो. स्टर्लिंगला दोन्ही पंखांत मिळून चौदा टाक्या. कुठल्या टाकीतून किती गेलं, कुठली कधी बंद करायची, हा हिशेब त्या रात्री सार्जंट जेफ्री नावाचा फ्लाइट इंजिनियर ठेवत होता. परतायला जेमतेम पुरेल, हे आल्प्सवरच कळलेलं होतं. मागे फिरायचं की पुढे जायचं, हा निर्णय मिडलटनला तिथे घ्यावा लागला. पुढे लक्ष्य उजळायला विमानांतून टाकलेल्या मशाली दिसल्या आणि तो पुढे गेला.

मुलाला सांगा, उडी का नाही मारली याचं अर्धं उत्तर इथेच आहे. किनाऱ्यावर पाचच मिनिटं उरली, कारण बाकीचं पेट्रोल आल्प्सवर खर्च झालेलं होतं.

पुढचं असं. तुरिनवर तो २,००० फुटांपर्यंत खाली उतरला आणि कारखाना ओळखू येईपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. उंची मिळवायला आधी किती नाकीनऊ आले होते हे लक्षात घ्या, ती त्याने अशी सोडून दिली. तोफा सुरू झाल्या. डाव्या पंखाला मोठं भोक पडलं. मग एक गोळा कॉकपिटात फुटला. समोरची काच गेली. मिडलटनचा उजवा डोळा गेला, डोळ्यावरचं हाड उघडं पडलं. दुसरा वैमानिक हायडर, त्याच्या डोक्याला आणि दोन्ही पायांना जखमा. वायरलेसवाल्याच्या पायाला जखम. मिडलटन बेशुद्ध, आणि विमान ८०० फुटांपर्यंत सुटलं. चार इंजिनांच्या भरलेल्या बॉम्बरला ८०० फूट म्हणजे जमीनच. हायडरने रक्त गळत असताना ते सावरलं, १,५०० पर्यंत नेलं आणि बॉम्ब टाकले. हे काम मिडलटनचं नव्हे, हायडरचं. तेही तक्त्यावर लिहा.

मग मिडलटन शुद्धीवर आला. हायडरला मलमपट्टीसाठी मागे पाठवलं आणि सुकाणू आपल्याकडे घेतलं. पट्टी पुरी व्हायच्या आत हायडर परत पुढे आला, कारण कप्तानाला नीट दिसत नव्हतं आणि बोललं की रक्त जात होतं.

आता पेट्रोलकडे या. पंखाला भोक म्हणजे विमान एका बाजूला झुकत राहणार. पंक्चर चाकाची मोटार सरळ नेताना हँडल सतत ओढून धरावं लागतं, तसं इथे स्टिक धरून ठेवायची, तीही एका डोळ्याने आणि फुटलेल्या काचेतून नोव्हेंबरचा आल्प्सचा वारा तोंडावर घेत. अशा ओढाताणीत हवेचा अडथळा वाढतो आणि पेट्रोल आणखी जातं. घर आठशे किलोमीटरच्या वर. काही लोक विचारतात, उत्तर फ्रान्समध्ये का नाही उतरले? विमानात ती चर्चा झाली होती. मिडलटन म्हणाला इंग्लंडचा किनारा गाठू, म्हणजे पोरं हवाई छत्रीने उतरतील आणि शत्रूच्या हाती लागणार नाहीत. तिथवर पोचलो तरी आपलं स्वतःचं काही खरं नाही, हे त्याला कळत होतं.

चार तासांनी फ्रान्सचा किनारा आला. ६,००० फुटांवर पुन्हा तोफांनी धरलं, आणि त्याही अवस्थेत त्याने विमान वळवून चुकवलं. इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा पाच मिनिटांचं पेट्रोल. त्याने उड्या मारायचा हुकूम दिला आणि विमान किनाऱ्याला समांतर धरून ठेवलं. कोणीतरी धरायलाच हवं होतं. भोक पडलेल्या पंखाचं विमान सोडलं की लोळण घेतं, मग दारापर्यंत पोचणंही मुश्कील. आत उतरायचा प्रयत्न केला असता तर केंटमधल्या घरांवर वीस टनांच्या वरचं लोखंड पडलं असतं. म्हणून पोरं उतरली की समुद्राकडे वळायचं, असा बेत होता. विमान डिमचर्चजवळ पाण्यात गेलं.

पाच जण उतरले. दोघे त्याच्या मदतीला थांबले: पुढचा गनर मॅकी आणि फ्लाइट इंजिनियर जेफ्री. नंतर त्या दोघांनीही उड्या मारल्या, पण नोव्हेंबरच्या रात्री त्या पाण्यात ते टिकले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचे मृतदेह मिळाले. जेफ्रीला पेट्रोलचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा नेमका माहीत होता. किती सेकंद उरलेत हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो थांबला. मिडलटनविषयी मला आदर आहेच, पण माझ्या हुद्द्याच्या माणसाकडे माझी नजर आधी जाते.

---

पो नदीकाठचा

काका, लिहिलंय छान, पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. मी काही वर्षं तुरिनमध्ये मोटार कंपनीत नोकरीला होतो. तिथे पियाझ्झा रिसोर्जिमेंतो नावाच्या चौकाखाली बॉम्बहल्ल्यात लपायला बांधलेलं तळघर अजून आहे, आत जाऊन बघता येतं. लांबोडकी बोगद्यासारखी खोली आणि ओलसर भिंती. १९४२ च्या नोव्हेंबरात त्या शहरावर रात्री मागून रात्री विमानं आली. तुमच्या मिडलटनच्या रात्रीच सव्वादोनशेच्या आसपास होती. युद्धभरात तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं बॉम्बखाली मेली. ती काही सगळी फियाटच्या कारखान्यात नव्हती. त्यांची नावं कोणत्या शाळेच्या प्रकल्पात येणार?

---

मधली खुर्ची

तुमचं म्हणणं खोटं नाही, आणि ते मी गोडही करणार नाही. १९४१ साली ब्रिटिशांनी स्वतःच रात्रीच्या छायाचित्रांवरून हिशेब काढला होता: लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. पाच मैल! म्हणजे कारखाना सांगून निघायचं आणि शहर फोडून यायचं. पुढच्या वर्षी तर शहर हेच लक्ष्य ठरलं.

एवढंच म्हणेन की मिडलटन २,००० फुटांवर तीनदा फिरला तो कारखाना नेमका कुठला हे बघण्यासाठी. वरूनच कुठेतरी टाकून परतला असता तर त्याला कोणी विचारणार नव्हतं, आणि बहुधा तो जिवंत राहिला असता. पण हायडरने १,५०० फुटांवरून रक्त गळत असताना जे टाकले ते फियाटवरच पडले, अशी शपथ मी घेणार नाही. ताई, मुलाच्या तक्त्यावर त्या तळघराचा फोटो लावायला माझी काहीच हरकत नाही. उलट लावाच.

---

माणगावकर

इटली आणि व्हिक्टोरिया क्रॉस निघालंय म्हणून थोडं विषयांतर. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या एका माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले, तर हे एकटे गनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीने गेले. वय २२. माणगावात पुतळा आहे. गाडी थांबवून बघणारे कमी, पण आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीला घाडगे माहीत होते ते पदकामुळे कमी आणि त्यांच्या विधवा पत्नीमुळे जास्त. म्हणून हे मेलेल्या पोरांचं वाचताना मला आधी घर आठवतं. मिडलटनचं लग्न झालं होतं का?

---

डबोवाला

नाही. पदक घरच्यांकडे गेलं.

---

दप्तरदार

दोन गोष्टी जोडतो, मुलाला आवडतील.

एक: स्टर्लिंगवरच्या माणसांना दोनच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले आणि दोन्ही तुरिनच्याच मोहिमेचे. दुसरा आर्थर आरन, लीड्सचा, २१ वर्षांचा, ऑगस्ट १९४३. त्याचाही चेहरा फुटला, जबडा तुटला, तोही फ्लाइट सार्जंट. फरक असा की तोवर उत्तर आफ्रिका दोस्तांच्या हाती पक्की होती, त्यामुळे ते विमान दक्षिणेला वळवून अल्जीरियात बोनला उतरवलं गेलं. आरन उतरल्यावर काही तासांत गेला, पण विमान जमिनीवर आलं. मिडलटनच्या वेळी आफ्रिकेत फौजा उतरून तीनच आठवडे झाले होते, आणि दक्षिण फ्रान्सही जर्मनांनी त्याच महिन्यात ताब्यात घेतला होता. मागे दार नव्हतं, पुढे होतं तेवढंच.

दुसरी: मिडलटनच्या विमानातला वरचा गनर डग्लस कॅमेरॉन, स्कॉटिश, त्या रात्री छत्रीने उतरून वाचला. पुढे तो बॅझलगेट नावाच्या वैमानिकाच्या लँकॅस्टरवर मागचा गनर झाला. ४ ऑगस्ट १९४४ ला फ्रान्सवर ते विमान पेटलं, कॅमेरॉनने पुन्हा उडी मारली आणि पुन्हा वाचला. बॅझलगेट मात्र दोन जखमी सोबत्यांना वाचवायला जळतं विमान खाली उतरवायला गेला आणि तिघेही गेले. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एकाच माणसाचे दोन कप्तान, दोघेही असे गेलेले. कॅमेरॉन युद्धातून जिवंत परतला. त्याला रात्री झोप कशी लागत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

---

मिल्डनहॉलकरीण

सगळ्यांचे आभार. सगळं मुलाला वाचून दाखवलं, मराठी त्याला समजतं, वाचता येत नाही. जेफ्री का थांबला यावर तो आणि त्याचे बाबा जेवताना भांडले. बाबांचं म्हणणं, कप्तानाने उतर म्हटल्यावर न उतरणं ही आज्ञा मोडणं झालं. मुलगा म्हणतो, कप्तानाला दिसत नव्हतं तर त्याला कोणीतरी सांगायला नको का?

अजून एक विचारते, मोहिमांचा काही ठरलेला आकडा असायचा का? कुठेतरी ही त्याची २९ वी होती असं वाचलं.

---

मधली खुर्ची

मुलगा बरोबर आहे. बाबाही नियमाने बरोबर आहेत, पण ते त्या विमानात नव्हते.

आकडा होता. तीस मोहिमा झाल्या की पाळी संपायची, मग काही महिने शिकवण्याच्या कामावर पाठवायचे. त्याची ही २९ वी होती हे खरं आहे. यावर लोक फार हळहळतात, मला त्यात विशेष वाटत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख विमानकर्मींपैकी ५५,५०० च्या वर मेले. त्यात ऑस्ट्रेलियन साडेतीन हजारांच्या घरात. कोणी पहिल्याच मोहिमेत, कोणी तिसाव्या. मिडलटनच्या नशिबी पदक आलं म्हणून त्याचा आकडा आपल्याला माहीत आहे.

तक्त्यावर आठही नावं येऊ द्या: मिडलटन, हायडर, नॅव्हिगेटर रॉइड, वायरलेसवाला स्किनर, मॅकी, जेफ्री, कॅमेरॉन, आणि मागचा गनर गॉफ, ज्याचं टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) बंद पडेपर्यंत तो गोळ्या झाडत होता. नावांपुढे कामं लिहा. आणि चित्र काढणार असेल तर आधी फोटो नीट बघायला सांगा. सगळी पोरं लँकॅस्टर काढून मोकळी होतात. लँकॅस्टरच्या शेपटीला दोन उभे पंख, स्टर्लिंगला एकच. आणि चाकांचे पाय भलते उंच काढा, कॉकपिट दुमजली घराच्या खिडकीएवढं वर आलं पाहिजे.